घर, गहाण आणि कायदा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात हदगाव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी व्याख्यानाचे निमंत्रण धाडले तेव्हा विषयाची निवड त्यांनी माझ्यावरच सोपविली होती. अशा प्रसंगी ज्ञातीचा पूर्वेतिहास, मुलामुलींचे शिक्षण किंवा विवाहातील वाढता खर्च, यांपैकी एखादा विषय घेण्याचा प्रघात आहे. त्यांवर माझ्याहून अधिक अधिकाराने बोलू शकतील अशी वडीलधारी मंडळी आज व्यासपीठावर विराजमान आहेत. म्हणून मी त्या वाटेस जात नाही. मध्यम प्राप्तीचा गृहस्थ घरासाठी कर्ज काढतो, त्या कर्जापोटी घर गहाण पडते, आणि गहाण घेणाऱ्यावर सरकारचा अंकुश कसा व कितपत चालतो, हा माझा विषय आहे. विषय रुक्ष आहे. परंतु येथे बसलेल्या मंडळींपैकी ज्यांच्या घराचे कागद आज त्यांच्या स्वतःच्या पेटीत आहेत, त्यांनी हात वर करावेत असे मी म्हटले, तर किती हात वर होतील, याचा ज्याने त्याने मनाशी विचार करावा.

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण झाली तेव्हा अडचण विटामातीची आणि गवंड्याची होती. आज गवंडी मिळतो; अडचण असते ती पैशाची. आपल्या ज्ञातीतील बहुसंख्य कुटुंबे अगदी दरिद्री नाहीत, तशी सधनही नाहीत. कोणी शाळेत शिक्षक, कोणी एस. टी. मध्ये वाहक, कोणाचे तामशाच्या किंवा हिमायतनगरच्या रस्त्यावर दुकान, कोणाची चार-पाच एकर कापूस-सोयाबीनची जमीन. अशा माणसाला सरकारी घरकुल मिळत नाही, कारण तो यादीत बसत नाही. आणि मोठी बँक त्यास दारात उभे करीत नाही, कारण त्याच्यापाशी पगाराचा पक्का दाखला नसतो किंवा जागेचा कागद धड नसतो. गावठाणातील घर बापजाद्यांचे, परंतु मालकीचा लेख नाही. शहरालगतचा प्लॉट घेतलेला, परंतु बिनशेती परवान्याशिवाय, शंभर रुपयांच्या मुद्रांकावर. मग हा मनुष्य जेथे पैसा मिळेल तेथे जातो. ती जागा कधी सावकाराची ओसरी असते, कधी पतसंस्था, कधी नांदेडला काचेच्या दाराआड बसलेली एखादी गृहवित्त कंपनी. पैसा तिन्ही ठिकाणी एकाच रंगाचा असतो. कायदा मात्र तिन्ही ठिकाणी निराळा आहे, आणि ही गोष्ट ध्यानात न आल्यामुळे आपल्या लोकांची घरे गेलेली मी माझ्या वकिलीच्या काळात पाहिली आहेत.

प्रथम सावकाराविषयी. कर्जदाराच्या रक्षणाचा कायदा या देशात आयता आलेला नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले, आणि त्यांनी मुख्यतः काय जाळले असेल तर दस्तऐवज. त्या दंग्याच्या चौकशीतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा निघाला. न्यायाधीशाने केवळ रोख्यावरील आकडा पाहून हुकूमनामा देऊ नये, देवघेवीचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, हे तत्त्व त्या कायद्याने आणले. आपला मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्यामुळे त्या कायद्याची सावली आपल्या वाडवडिलांवर पडली नाही. हैदराबाद संस्थानात सावकारांवर परवान्याचे बंधन घालणारा कायदा फसली १३४९ मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या हिशेबाने १९३९-४० च्या सुमारास झाला. पुणे-नगरकडील कुळाला जे साठ वर्षे अगोदर मिळाले, ते नांदेड-परभणीकडील कुळाला इतक्या उशिरा मिळाले. आपल्याकडे कागदाचे भय आणि कागदाविषयीची बेपर्वाई ही दोन्ही एकत्र नांदतात, त्याचे मूळ काही अंशी येथे असावे असे मला वाटते.

आज महाराष्ट्रात सावकारीसाठी २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम लागू आहे. १९४६ च्या जुन्या मुंबई कायद्याच्या जागी तो आला. या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. व्याजाचे दर सरकारने अधिसूचनेने ठरवून दिले. शेतकऱ्यास तारण घेऊन दिलेल्या कर्जावर दरसाल दरशेकडा ९ आणि विनातारण कर्जावर १२. बिगरशेतकऱ्यास तारणावर १५ आणि विनातारण १८. शिवाय आपल्या धर्मशास्त्रकारांनी सांगितलेला दामदुपटीचा नियम या कायद्यानेही राखला आहे, म्हणजे मुद्दलापेक्षा अधिक व्याज सावकारास वसूल करता येत नाही. आता गावातील व्यवहार पाहा. आपल्याकडे ‘शेकड्याला तीन’ असे सहज म्हटले जाते आणि ते महिन्याचे असते. म्हणजे वर्षाला छत्तीस! एक लाखावर दरमहा तीन हजार. चौतिसाव्या महिन्याचे व्याज देताक्षणी कर्जदाराने मुद्दलाहून अधिक व्याज दिलेले असते, आणि मुद्दल जसेच्या तसे उभे असते. पंधरा टक्क्यांच्या दराने त्याच लाखावर वर्षाचे व्याज पंधरा हजार होते.

परंतु सावकारीतील खरे संकट व्याजात नाही. ते दस्तऐवजाच्या नावात आहे, आणि येथे मी थोडा वेळ थांबणार आहे. घर गहाण द्यावयाचे तर गहाणखत लिहावे, ते नोंदवावे, हा सरळ मार्ग. शंभर रुपयांवरील साधे गहाण नोंदणीशिवाय कायदेशीर होत नाही. पण धनको म्हणतो, “गहाणखताची कटकट कशाला? खरेदीखतच करून दे. पैसे परत केलेस की घर परत लिहून देतो; आपण काय परके आहोत?” हीच ती मुदतखरेदी. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५८ व्या कलमात मुदतखरेदी हाही गहाणाचाच एक प्रकार मानलेला आहे. मात्र १९२९ साली त्या कलमास एक परंतुक जोडले गेले. परत देण्याची अट ज्या दस्तऐवजाने खरेदी झाली त्याच दस्तऐवजात लिहिलेली असेल तरच तो व्यवहार गहाण समजावा, एरवी नाही. आपल्याकडे काय होते? खरेदीखत निबंधकाच्या कचेरीत नोंदविले जाते, त्यात परतीचा शब्द नसतो. परतीचे वचन निराळ्या कागदावर, सौदाचिठ्ठीवर, फार वेळा तोंडी, देवाच्या साक्षीने. देव साक्षीस कोर्टात येत नाही. दिवाणी न्यायालयात अशा मनुष्याचे घर खरेदीने गेलेले ठरते आणि त्याला गहाण सोडविण्याचा हक्कच उरत नाही.

अशा वेळी २०१४ च्या कायद्याचे १८ वे कलम उपयोगी पडते. ज्यांच्या घरी हा प्रसंग असेल त्यांनी तो आकडा लिहून ठेवावा. स्थावर मालमत्ता विक्री, गहाण, भाडेपट्टा किंवा अन्य कोणत्याही नावाने सावकाराच्या ताब्यात गेली असेल, आणि ती वस्तुतः सावकारीच्या ओघातच गेली असे जिल्हा निबंधकास चौकशीअंती आढळले, तर तो दस्तऐवज अवैध ठरवून मालमत्ता मूळ मालकास परत देण्याचा आदेश त्यास करता येतो. पंधरा वर्षांपर्यंतचे व्यवहार असे उकरून पाहता येतात. हे काम सहकार खात्याकडे आहे. तालुक्याच्या ठिकाणी साहाय्यक निबंधकाच्या कचेरीत अर्ज देता येतो. न्यायालयास जेथे परंतुकाने हात बांधले, तेथे या अधिकाऱ्यास व्यवहाराच्या पोटात शिरण्याची मुभा आहे. १८७९ च्या कायद्यातील तत्त्वच हे, दख्खनच्या शेतकऱ्याकडून निघून आता हदगावच्या घरमालकापर्यंत आलेले. मात्र चौकशीत काही तरी पुरावा लागतो. व्याज दिल्याची चिठ्ठी, खात्यावरून पाठविलेली रक्कम, बाजारभाव आणि खरेदीखतातील किंमत यांतील तफावत, खरेदीनंतरही आपणच त्या घरात राहत असल्याचे वीजबिल किंवा घरपट्टीची पावती. पैसे रोख दिले आणि पावती मागणे अपमानाचे वाटले, असे सांगणारा अशील माझ्यासमोर बसतो तेव्हा त्याच्यासाठी काय करावे हे मला सुचत नाही.

पतसंस्थेविषयी थोडक्यात सांगतो. पतसंस्था सावकारी कायद्याखाली येत नाही. ती १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली चालते, आणि थकबाकी झाल्यास तिला दिवाणी दाव्याची गरज लागत नाही. १०१ व्या कलमाखाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळाला की जप्ती करता येते. एकाहून अधिक राज्यांत काम करणारी संस्था असेल तर तिचा कायदा केंद्राचा, २००२ चा, आणि तिच्या बाबतीत आपल्या साहाय्यक निबंधकाचा अधिकार चालत नाही. सभासद होताना फलकावर ‘मल्टिस्टेट’ हा शब्द आहे की नाही एवढे तरी वाचावे.

आता काचेच्या दाराकडे वळू. घरकर्ज देणाऱ्या कंपन्यांचा जन्म आपल्या राज्यातच झाला असे म्हटल्यास चूक होणार नाही. हसमुखभाई पारेख यांनी १९७७ मध्ये मुंबईस स्थापन केलेल्या एचडीएफसीने मध्यमवर्गाला वीस-वीस वर्षांच्या हप्त्यांची सवय लावली. तोपर्यंत नोकरदार मनुष्य निवृत्त होताना भविष्यनिर्वाह निधीच्या पैशातून घर बांधीत असे. म्हणजे आयुष्यभर भाड्याने राहून म्हातारपणी वास्तुशांत. पुढे १९८४ साली मुंबईतच स्थापन झालेल्या डीएचएफएलने लहान शहरांतील, बेताच्या कमाईच्या कुटुंबांकडे लक्ष पुरविले. या सर्व कंपन्यांवर देखरेख करण्यासाठी संसदेने १९८७ मध्ये कायदा केला आणि जुलै १९८८ मध्ये राष्ट्रीय आवास बँक सुरू झाली. तीस वर्षे हा कारभार तिच्याकडे होता. ऑगस्ट २०१९ मध्ये नियम करण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेकडे गेला; पाहणी करण्याचे व तक्रारी ऐकण्याचे काम आवास बँकेकडे राहिले.

हा बदल कागदावरचा नव्हता, हे तीनच महिन्यांत दिसले. २० नोव्हेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने डीएचएफएलचे संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक नेमला. डिसेंबरात प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेले आणि २०२१ मध्ये ती कंपनी पिरामल समूहाकडे आली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदविला. बनावट घरकर्ज खाती दाखवून प्रधानमंत्री आवास योजनेतील व्याज-अनुदान उचलले गेले, असा त्यातील आरोप आहे. आरोपाचा निर्णय न्यायालयाचा. परंतु एक गोष्ट आरोपाविनाही स्पष्ट आहे. ठेवीदारांचे पैसे बुडाले, त्यांची आरडाओरड सर्वांनी ऐकली. कर्जदारांचे काय झाले हे फारसे कोणी विचारले नाही. त्यांचे हप्ते चालूच राहिले, फक्त धनी बदलला. ज्याला आपण ओळखून कर्ज घेतले तो पुढच्या वर्षी दुसराच असू शकतो, हे कंपनीच्या कर्जात गृहीत धरावे लागते. सावकाराचे तसे नसते. तो मेला तरी त्याचा मुलगा आपल्याच आळीत राहतो.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो आणि तो आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. राज्याचा सावकारी कायदा कंपन्यांना लागू होतो काय? केरळ आणि गुजरात या राज्यांनी, आमचा सावकारी कायदा बिगरबँक वित्त कंपन्यांनाही लागू आहे, असे म्हटले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० मे २०२२ रोजी नेदुमपिल्ली फायनान्स कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने निर्णय दिला की, रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालील कंपन्यांवर राज्यांचे सावकारी कायदे चालणार नाहीत. त्यांच्या जन्मापासून मरणापर्यंत सर्व बाबींचे नियमन रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात आहे, तेव्हा राज्याला तेथे जागा उरत नाही. अमेरिकेतही असेच झाले होते. मिशिगन राज्याला गहाण-कर्ज देणाऱ्या एका संस्थेवर देखरेख ठेवावयाची होती. ती संस्था राष्ट्रीय बँकेची उपकंपनी असल्याने राज्यास तो अधिकार नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००७ मध्ये ठरविले. त्यानंतर वर्षभरातच त्या देशात घरकर्जांचा केवढा अनर्थ झाला हे जगाला ठाऊक आहे, आणि २०१० च्या कायद्याने त्यांना लिहावे लागले की, कर्जदाराची फेडण्याची कुवत तपासल्यावाचून घरकर्ज देऊ नये. दोन निकालांची तुलना ताणणे बरे नव्हे. तरी एवढे खरे की, घर असते गावात आणि त्याच्या गहाणावरचा पहारेकरी दूर राजधानीत असतो.

या निकालाचा आपल्यासाठी अर्थ असा. सावकाराने तारणावर पंधरा टक्क्यांहून अधिक व्याज घेतले तर तो कायदा मोडतो. कंपनीने अठरा घेतले तर ती कायदा मोडीत नाही, कारण रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांवर व्याजाची कमाल मर्यादा घातलेली नाही. दर कसा ठरवावयाचा याचे धोरण कंपनीच्या संचालक मंडळाने करावे आणि वार्षिक दर कर्जदारास स्पष्ट सांगावा, एवढाच तिचा दंडक आहे. न्यायालयाचा निर्णय कायद्याच्या दृष्टीने सुसंगत आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु परवानाधारक सावकारास बंधन आणि मोठ्या कंपनीस केवळ सांगण्याची सक्ती, ही विभागणी बेताच्या कमाईच्या घरमालकाला न्याय देणारी आहे असे मला मुळीच वाटत नाही. विशिष्ट रकमेखालील घरकर्जावर कमाल दर ठरवावा, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी दिल्लीत केली पाहिजे. मुंबईच्या विधानसभेत ती करून उपयोग नाही, हेही या निकालाने स्पष्ट केले.

मग कंपनीच्या कर्जदारास काहीच रक्षण नाही काय? आहे, आणि गेल्या काही वर्षांत ते बरेच वाढले आहे. परंतु ते सारे कागदाच्या रूपाने आहे. कागद मागणाऱ्यासच ते मिळते.

१ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जापूर्वी कर्जदारास मुख्य तथ्यांचे एक विवरणपत्र द्यावे लागते, त्याला समजणाऱ्या भाषेत. त्यात व्याज, प्रक्रिया शुल्क, विमा आदी सर्व खर्च धरून वार्षिक दर किती पडतो हे एका आकड्यात दाखवावे लागते. त्या पत्रात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून पुढे आकारता येत नाही. मुलगा मोटारसायकलवरून घरी येतो, चहा घेतो, चाळीस सह्या घेतो आणि ‘बारा टक्के, काका’ म्हणून जातो. त्या बारा टक्क्यांत विम्याचा हप्ता कर्जातच मिळवून त्यावरही व्याज लावले आहे, हे त्या विवरणपत्राखेरीज कोठेच दिसणार नाही. सही करण्यापूर्वी ते पत्र मराठीत मागा. देत नसतील तर उठून या.

दुसरी गोष्ट व्याजदर बदलण्याची. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने आपला रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर नेला. घरकर्जे बहुधा बदलत्या दराची असतात, आणि दर वाढला की कंपन्या हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवितात. कर्जदारास पत्ताही लागत नाही. हिशेब करून पाहू. दहा लाखांचे कर्ज, वीस वर्षे, साडेआठ टक्के. हप्ता ८,६७८ रुपये. आरंभीच्या काळातच दर अडीच टक्क्यांनी वाढून अकरा झाला. आता दहा लाखांवरचे एका महिन्याचे केवळ व्याजच ९,१६६ रुपये होते. हप्ता ८,६७८ च राहिला तर दरमहा चारशे अठ्ठ्याऐंशी रुपये मुद्दलात मिळत जातात. मनुष्य नेमाने हप्ता भरतो आणि कर्ज नेमाने वाढते! असे प्रकार घडू लागले म्हणून १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने आदेश काढला. दर बदलताना कर्जदारास कळवावे. हप्ता वाढवावयाचा, मुदत वाढवावयाची की दोन्ही, हे त्याने ठरवावे. स्थिर दराकडे जाण्याची मुभा त्यास असावी. आणि हप्त्यात निदान त्या महिन्याचे व्याज तरी भागलेच पाहिजे. त्याच दिवशीच्या दुसऱ्या आदेशाने, हप्ता चुकल्यास दंडव्याज मूळ व्याजात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावण्याची चाल बंद केली. बदलत्या दराचे घरकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास व्यक्तीकडून दंड घेता येत नाही, हा नियम त्याही आधीचा आहे. आपल्याकडे कापसाचे पैसे हाती आले की ते पुढच्या लग्नासाठी बाजूस ठेवतात. त्यातील काही भाग कर्जात भरला तर वर्षे कमी होतात.

हप्ते थकले तर काय होते, हेही सांगितले पाहिजे. बँकांना व गृहवित्त कंपन्यांना २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे न्यायालयात न जाता गहाण घराचा ताबा घेता येतो. सहकारी बँकांनाही हा अधिकार आहे, हे मे २०२० मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरविले. या कायद्याखालील बाबींत दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद आहे. हदगावच्या कोर्टात मनाई हुकूम मागावयास येणाऱ्यांना परत पाठविताना मला दरवेळी वाईट वाटते. प्रथम साठ दिवसांची नोटीस येते. तिला लेखी उत्तर देण्याचा हक्क आहे, आणि उत्तर दिले तर धनकोला पंधरा दिवसांत कारणांसह जबाब द्यावा लागतो. पण बहुतेक जण नोटीस देवघरात ठेवून देतात. त्यानंतर ताब्याची कारवाई झाली की पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करावयाचा, आणि ते आहे छत्रपती संभाजीनगरला, येथून तीनशेहून अधिक किलोमीटरांवर. लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच सर्व रक्कम भरून घर सोडविता येते. नंतर तो हक्क संपतो. शेतजमीन या कायद्यातून वगळलेली आहे, तसेच एक लाखापर्यंतचे कर्जही. मुदती कडक आहेत आणि त्या कोणी घरी येऊन आठवण करून देत नाही.

एक शब्द जामिनाविषयी. आपल्या ज्ञातीत मेहुण्यासाठी, व्याह्यासाठी जामीन राहणे हे आप्तधर्मात मोडते. नाही म्हटले तर पंगतीत तोंड दाखविता येत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. आधी त्याचे घर विका, मग माझ्याकडे या, असे जामीनदारास म्हणता येत नाही. पगारातून कापले जातात ते बहुधा जामीनदाराचे पैसे, कारण पगार त्याचाच असतो. गेल्या दहा-बारा वर्षांत दोन सख्ख्या भावांचे बोलणे तुटले अशी जी प्रकरणे माझ्यापुढे आली, त्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या मुळाशी एका जामीनपत्रावरील सही होती. भगिनींनाही सांगावयाचे आहे. व्याज-अनुदानाच्या योजनेत घर स्त्रीच्या नावे किंवा जोडनावे असावे अशी अट होती, म्हणून अनेक भगिनींची नावे दस्तऐवजावर लागली. पण मालकीणीबरोबर त्या सहकर्जदारही झाल्या, आणि सही करताना त्यांना हे कोणी सांगितले नाही.

कर्ज फिटल्यावरही काम संपत नाही. १ डिसेंबर २०२३ नंतर ज्यांचे कर्ज पूर्ण फिटले, त्यांचे मूळ कागद तीस दिवसांत परत देणे आणि नोंदलेला बोजा उतरविणे धनकोवर बंधनकारक आहे. विलंब त्याच्यामुळे झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. ऋणको वारला असेल तर वारसांना कागद कसे द्यावयाचे याचीही पद्धत ठरवून प्रसिद्ध करावी लागते. गृहवित्त कंपनी ऐकत नसेल तर तिच्याविरुद्धची तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे करावयाची असते. साहाय्यक निबंधकाकडे जाऊन दिवस दवडू नयेत. उलट सावकाराची तक्रार घेऊन रिझर्व्ह बँकेला पत्र लिहिणारेही मला भेटले आहेत. तिचे उत्तर येते, ते नम्र असते, आणि त्याचा उपयोग नसतो.

शेवटचा मुद्दा अप्रिय आहे. तो या व्यासपीठावरून मांडू की नये याचा मी विचार केला. घरे गिळणारा सावकार परका, परजातीचा, परगावचा असतो, अशी एक समजूत आपण जपली आहे. माझ्याकडे आलेल्या मुदतखरेदीच्या प्रकरणांत देणारा आणि घेणारा एकाच ज्ञातीचे, कित्येकदा एकाच भावकीचे होते. विश्वास होता म्हणूनच तर परतीचा कागद झाला नाही. ज्यांचा हा व्यवसाय आहे त्यांनी परवाना घ्यावा, पावती द्यावी, ठरलेल्या दराने व्याज घ्यावे. तसे करणाऱ्याबद्दल माझा आक्षेप नाही, गावाला त्याची गरज आहे. पण आपली स्मरणिका जाहिरातींवर निघते, वसतिगृहाच्या खोल्यांना देणगीदारांची नावे लागतात. तेव्हा कार्यकारिणीस माझी विनंती आहे की, कर्ज देणाऱ्या कोणाचीही जाहिरात किंवा देणगी स्वीकारण्यापूर्वी त्याचा परवाना किंवा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि जाहिरातीत तो छापावा. काही जाहिराती कमी होतील. स्मरणिका चार पानांनी लहान निघेल.

दुसरी विनंती अशी. मंडळाच्या कार्यालयात बाजाराच्या दिवशी दोन तास, ज्ञातीतील वकील आणि निवृत्त बँक-कर्मचारी यांनी आळीपाळीने बसावे. सही करण्यापूर्वीचा कागद वाचून दाखविणे एवढेच त्यांचे काम. सही झाल्यानंतरचे काम आम्ही वकील फी घेऊन करतोच. गावठाणातील ज्यांच्या घरांची ड्रोनने मोजणी होऊन स्वामित्व योजनेतील सनद मिळाली आहे, त्यांनी ती घेऊन प्रथम राष्ट्रीयीकृत बँकेत विचारावे. मालकीचा लेख नाही म्हणून जे दार बंद होते, ते त्या सनदेने काही जणांसाठी उघडू शकेल. ज्यांची सनद तयार असूनही हाती आलेली नाही, त्यांची यादी मंडळाने करून भूमि-अभिलेख कार्यालयात द्यावी. पहिल्या बाजाराला मी स्वतः बसेन. चिटणीसांनी वेळ कळवावी.